सोरॉरिटीत जायचंय? ऑगस्टची रश हा एकच रस्ता नाहीये

परवा रात्री मामेबहिणीचा फोन आला. मामाची धाकटी, जन्म न्यू जर्सीचा, मराठी छान बोलते पण घाबरली की इंग्लिशवर जाते, आणि या ऑगस्टमध्ये साउथमधल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत फ्रेशमन म्हणून चाललीये. म्हणाली, ताई, मी रशसाठी (सोरॉरिटीत मुली निवडायची प्रोसेस) रजिस्टर तर केलंय पण तिथल्या मुलींच्या आया, आज्या सगळ्या सोरॉरिटीत होत्या, आणि माझी आई अजून विचारते की सोरॉरिटी म्हणजे हॉस्टेल का क्लब, आणि मला जर कुणीच घेतलं नाही तर माझं कॉलेज संपलंच ना. अठरा वर्षांची पोर कॉलेज सुरू व्हायच्या आधीच संपलं म्हणते. मला त्या रात्री झोप लागली नाही, कारण हेच वाक्य मी २०१७ च्या ऑगस्टमध्ये डॉर्मच्या जिन्यात बसून माझ्या आईला फोनवर रडत रडत सांगितलं होतं.

म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढते. मी ही प्रोसेस दोन्ही बाजूंनी बघितलीये, आधी बाहेर पडलेली मुलगी म्हणून, मग सहा महिन्यांनी दुसऱ्याच दाराने आत गेलेली मेंबर म्हणून, आणि थर्ड इयरला रो गॅमा म्हणून, म्हणजे रश करणाऱ्या मुलींना सांभाळणारी सीनियर. त्यामुळे जे सांगतेय ते अनुभवातून आहे, आणि ज्या मराठी घरांत यंदा हा विषय निघालाय त्यांच्यासाठी आहे.

आधी मामीच्या प्रश्नाचं उत्तर. सोरॉरिटी म्हणजे अमेरिकन कॉलेजातली मुलींची संघटना, नाव ग्रीक अक्षरांत, प्रत्येक कॉलेजात तिची शाखा म्हणजे चॅप्टर. काही ठिकाणी त्यांचं स्वतःचं मोठं घर असतं आणि मुली तिथे राहतात, काही ठिकाणी घर नसतंच. आणि मेंबरशिप एकदा झाली की आयुष्यभराची. ही प्रथा जुनी आहे, जॉर्जियात मेकनच्या वेस्लियन कॉलेजात १८५१ मध्ये मुलींनी अॅडेल्फियन सोसायटी काढली, तीच पुढे अल्फा डेल्टा पाय झाली. वेस्लियन फक्त मुलींचं कॉलेज, पण त्या काळात मुलींनी कॉलेजात शिकणं हीच नवलाई होती, आणि पुढे जिथे मुलं-मुली एकत्र शिकायची तिथे वर्गात मुलं जास्त, मुली मोजक्या, मग त्यांनीही एकमेकींना धरून राहायला अशा संघटना काढल्या. सोरॉरिटी हा शब्द नंतर आला, १८८२ मध्ये सिरॅक्यूजच्या एका लॅटिनच्या प्राध्यापकाने गॅमा फाय बीटासाठी तो सुचवला, लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. त्याआधी मुलींच्या संघटनांनाही फ्रॅटर्निटीच म्हणायचे आणि काही जुन्या संघटनांच्या अधिकृत नावात तो शब्द अजून आहे.

आता रश. टिकटॉकवर २०२१ मध्ये अलाबामा युनिव्हर्सिटीच्या मुलींचे आज मी काय घातलंय वाले व्हिडिओ जगभर फिरले, तेव्हापासून लोकांना वाटतं सोरॉरिटी म्हणजे तेवढंच. ती जी रश असते ती नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्सच्या सोरॉरिटींची, ही १९०२ ची छत्रसंघटना आहे आणि तिच्यात २६ सोरॉरिटी आहेत. सगळ्या २६ सगळीकडे नसतात, आमच्या युनिव्हर्सिटीत चौदा होत्या. अधिकृत भाषेत रश म्हणत नाहीत, फॉर्मल किंवा प्रायमरी रिक्रूटमेंट म्हणतात, आणि रश करणाऱ्या मुलीला पीएनएम, म्हणजे होऊ घातलेली मेंबर.

होतं असं की तुम्ही उन्हाळ्यात ऑनलाइन फॉर्म भरता, फी भरता (ती परत मिळत नाही), फोटो, ग्रेड, शाळेत काय काय केलं ते देता. मग क्लासेस सुरू व्हायच्या आधी किंवा पहिल्या एक-दोन आठवड्यांत रिक्रूटमेंट. पहिल्या राउंडला सगळ्या घरांत जायचं (रशच्या भाषेत घर म्हणजे चॅप्टरच). आम्ही दोन दिवसांत चौदा घरं केली, दिवसाला सात, बाहेर ऊन रणरणतंय, हातात पाण्याची बाटली, बॅगेत दुसरे शूज, दार उघडतं आणि आत साठ-सत्तर मुली एका सुरात गाणं म्हणतायत, टाळ्या वाजवतायत, एक जण तुमचा हात धरून आत नेते, पाच-सात मिनिटं बोलते, मग दुसरी येते, मग तिसरी, आणि हे सगळं आतल्या मुलींनी आठवडाभर तालीम करून बसवलेलं असतं. मी दहावीपर्यंत महाराष्ट्रात शिकलेली, अनोळखी माणसाशी अर्ध्या तासात मैत्री करून दाखवायची असते ही कल्पनाच मला नवीन होती. कुठून आलीस, मेजर काय, समर कसा गेला, हेच चौदा वेळा. संध्याकाळी घसा बसला होता.

दिवस संपला की तुम्ही कॉम्प्युटरवर आवडीचा क्रम देता, आणि तिकडे प्रत्येक चॅप्टर आपली यादी देतो. रात्रीत मॅचिंग होतं आणि सकाळी तुमच्या हातात नवं वेळापत्रक येतं की आज तुम्हाला कुठे कुठे बोलावलंय. दुसरा राउंड बहुतेक त्यांच्या समाजकार्याचा, तिसरा सिस्टरहुडचा, शेवटचा प्रेफरन्स, त्याला सगळे प्रेफ म्हणतात, तो गंभीर असतो, मंद दिवे, कमी मुली, जास्तीत जास्त दोन घरं. मग बिड डे, बिड म्हणजे मेंबर व्हायचं निमंत्रण, तर त्या दिवशी लिफाफा उघडायचा आणि ज्या घराने तुम्हाला बोलावलं तिकडे पळत सुटायचं.

माझं काय झालं, तर पहिल्या राउंडनंतर चौदातली आठ उरली. दुसऱ्यानंतर दोन. मला ज्या तीन घरांत मनापासून जायचं होतं ती तिन्ही गेली. जी दोन उरली त्यांच्याबद्दल मी माझ्या फ्लोअरवरच्या मुलींकडून एवढंच ऐकलं होतं की ती 'टॉप' नाहीयेत. मला आज हे लिहिताना वाईट वाटतं पण मी तेवढ्यावर विश्वास ठेवला, माझ्या रो गॅमाला सांगितलं की मी विथड्रॉ करतेय, आणि जिन्यात जाऊन बसले. आई तिकडून म्हणत होती अगं नाही घेतलं तर नाही, तू शिकायला गेलीयेस, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

जे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि दोन वर्षांनी रो गॅमाच्या ट्रेनिंगमध्ये कळलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण मुली याच जागी मोडतात. प्रत्येक चॅप्टरने किती मुली घ्यायच्या याचा आकडा सगळ्यांना सारखा असतो, त्याला कोटा म्हणतात. समजा हजार मुली रश करतायत आणि कोटा सत्तर आहे. ज्या घराने बोलावलं की जवळजवळ सगळ्या मुली परत जातातच, त्या घराला जास्त मुली बोलावून उपयोग नाही, मग त्याला पहिल्याच राउंडनंतर शेकड्याने नावं कापायला लावतात. ज्या घरी कमी मुली परत येतात त्याला जास्त मुलींना बोलावता येतं. कुणी किती बोलवायच्या हे आकडे आधीच्या वर्षांच्या हिशोबावरून काढलेले असतात, चॅप्टरच्या मनावर नसतं. हेतू चांगलाय, की ज्या घरी शेवटी जागा मिळणारच नाही तिथे मुलीला चार दिवस आशेवर ठेवू नये. पण याचा अर्थ असा होतो की पहिल्या दिवशी जे घर तुम्हाला सोडतं त्या घरातल्या ज्या मुलीशी तुम्ही इतकं छान बोललात तिला कदाचित तुम्ही खरंच आवडला होतात, आणि तिच्या घराला त्या रात्री चारशे नावं कापायची होती, आणि चारशे नावं कापताना लोक ग्रेड बघतात, ओळखी बघतात, फॉर्म बघतात. माणूस बघायला त्या रात्री वेळच नसतो.

रो गॅमा असताना त्या सकाळी फोन करायचं काम माझ्याकडे होतं. वेळापत्रक वाटायच्या आधी, ज्यांना एकाही घराने परत बोलावलं नाही अशा मुलींना आपण स्वतः फोन करायचा, बाकीच्यांसमोर तिला कळता कामा नये म्हणून. माझ्या ग्रुपमध्ये त्या वर्षी अशी एकच होती. सकाळी साडेसहाला मी तिला फोन केला, तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि मग विचारलं, मी काय चुकीचं बोलले. मी तिच्या डॉर्मवर गेले, आम्ही दोघी डायनिंग हॉलमध्ये जाऊन बसलो, आणि मी तिला हा सगळा आकड्यांचा हिशोब नॅपकिनवर काढून दाखवला. त्याने दुःख कमी झालं असं मी म्हणणार नाही. पण तिचा प्रश्न बदलला, ती म्हणाली मग आता काय करता येईल.

रो गॅमा म्हणजे काय हेही सांगते कारण मामेबहिणीला वाटलं होतं त्या हेरगिरी करतात. रो गॅमा (काही कॉलेजात 'पाय काय', म्हणजे Pi Chi, म्हणतात) स्वतः कुठल्यातरी सोरॉरिटीची मेंबर असते पण त्या काळापुरतं तिने आपल्या चॅप्टरशी संबंध तोडलेला असतो, अक्षरांचे टीशर्ट घालायचे नाहीत, इन्स्टाचे फोटो लपवायचे, घरातल्या मैत्रिणींशी रिक्रूटमेंटबद्दल बोलायचं नाही. तिचं काम फक्त तुमची बाजू घेणं. तिला काहीही विचारा, खरंच काहीही.

आता सगळ्यात महत्त्वाची तांत्रिक गोष्ट, मामेबहीण, हे दोनदा वाच. प्रेफच्या राउंडनंतर तुझ्यासमोर एक करारनामा येईल, एमआरएबीए म्हणतात, त्यात तू ज्या घरांची नावं लिहिशील त्यापैकी कुणाचीही बिड आली तर ती स्वीकारायला तू बांधील आहेस. आली आणि नाकारलीस तर पुढच्या वर्षीच्या प्रायमरी रिक्रूटमेंटपर्यंत त्या कॅम्पसवर २६ पैकी दुसऱ्या कुठल्याही सोरॉरिटीत जाता येत नाही. म्हणून ज्या घरात खरंच जायचं नाहीये त्याचं नाव लिहू नये. पण उलट बाजूने, फक्त एकच नाव लिहिलं आणि तिथे जागा भरल्या तर रिकाम्या हाताने परत यायची तयारी ठेवावी लागते. जी मुलगी शेवटपर्यंत मिळतील तेवढ्या सगळ्या बोलावण्यांना जाते आणि दोन्ही नावं लिहिते तिला बहुतेक कुठेतरी बिड मिळतेच, सिस्टीमच तशी बांधलीये, त्यासाठी कोट्याच्या वर जागा वाढवूनही देतात. आणि जी मुलगी सही करायच्या आधी बाहेर पडते, माझ्यासारखी, तिच्यावर काहीच बंधन नसतं. मला हे माहीतच नव्हतं, मी समजत होते मी दार लावून घेतलं.

दार लागलं नव्हतं. त्याला सीओबी म्हणतात, कंटिन्युअस ओपन बिडिंग. प्रत्येक कॅम्पसवर चॅप्टरच्या एकूण मेंबरांची एक मर्यादा ठरलेली असते, आणि जो चॅप्टर त्या मर्यादेच्या खाली आहे तो वर्षभर कधीही, कुठल्याही राउंडशिवाय, मुलींना बिड देऊ शकतो. त्याच्या जरा आधीची एक छोटी खिडकी असते स्नॅप बिडची, म्हणजे मॅचिंग झालं, एखाद्या घराचा कोटा भरला नाही, तर बिड डेच्या आधीच ते घर अजून न लागलेल्या मुलींना फोन करतं. तो फोन अचानक येतो आणि विचार करायला वेळ फार कमी मिळतो, म्हणून रिकाम्या हाताने राहिलीस तर फोन बंद करून झोपू नकोस एवढंच सांगते.

माझं सीओबी असं झालं. फेब्रुवारी, बाहेर बर्फ, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये माझ्या टेबलवरची मुलगी, सहा महिने आम्ही एकत्र बीकर धुतलेले, एक दिवस म्हणाली की आमच्या चॅप्टरमध्ये थोड्या जागा आहेत, तू येशील का कॉफीला, अजून दोघी येतील. मी विचारलं कुठला चॅप्टर, आणि तिने जे नाव सांगितलं ते त्या दोन घरांपैकी एक होतं, ऑगस्टमध्ये ज्यांना मी नाकारून जिन्यात रडत बसले होते. मला इतकी लाज वाटली की मी तिला तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, आम्हाला माहितीये लोक आमच्याबद्दल काय बोलतात, तू ये तरी. लायब्ररीखालच्या कॅफेत आम्ही चौघी दोन तास बसलो, गाणी नाहीत, टाळ्या नाहीत, कुणी पाच मिनिटांनी उठून जात नव्हतं. एकीने मला विचारलं की दहावीनंतर देश सोडणं कसं होतं, आणि पूर्ण ऐकलं. चार दिवसांनी फोन आला. मार्चच्या शेवटी माझं इनिशिएशन, म्हणजे रीतसर मेंबर करून घ्यायचा विधी, झालं. माझी बिग, म्हणजे मला सांभाळून घेणारी मोठी बहीण, तीच लॅबवाली.

मेंबर झाल्यावर फॉर्मलवाली आणि सीओबीवाली यात काही फरक राहत नाही, पिन तीच, मत देण्याचा हक्क तोच, घरात खोली मिळायची रांग तीच. एक तोटा खरा आहे, फॉर्मलच्या मुलींचा साठ-सत्तर जणींचा गट एकदम आत येतो आणि एकत्र वाढतो, सीओबीच्या आम्ही चौघीच होतो, पहिला महिना थोडं उपरं वाटलं. नंतर नाही वाटलं.

सीओबीवरून एक मोठी गोष्ट सांगायची राहू नये. अलाबामा युनिव्हर्सिटीत वर्णभेद मोडून कृष्णवर्णीय विद्यार्थी आले १९६३ मध्ये. त्यानंतर पन्नास वर्षांनी, सप्टेंबर २०१३ मध्ये, तिथल्या विद्यार्थ्यांच्या क्रिम्झन व्हाइट या वर्तमानपत्राने छापलं की कृष्णवर्णीय मुलींना पारंपरिक गोऱ्या सोरॉरिटींमधून वगळलं गेलं, आतल्या काही मुलींना त्यांना घ्यायचं होतं आणि माजी सदस्यांनी खोडा घातला. आतल्याच मुली नाव देऊन बोलल्या. देशभर गदारोळ झाला, युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंट ज्युडी बॉनर यांनी सोरॉरिटींना सीओबीने दारं पुन्हा उघडायला लावली, आणि काही दिवसांतच काही कृष्णवर्णीय मुलींनी बिड स्वीकारल्या. ज्या दाराला माझ्या फ्लोअरवरच्या मुली मागचं दार म्हणत होत्या, त्या दाराने तिथे पन्नास वर्षांचं काम केलं. मला हे वाचल्यापासून सीओबीला कुणी कमी लेखलं की राग येतो.

लेगसीचंही याच जागी सांगते, मामेबहिणीची मोठी भीती तीच होती. आई, आजी, बहीण त्याच सोरॉरिटीत असेल तर तिला लेगसी म्हणतात, पूर्वी बऱ्याच सोरॉरिटींमध्ये लेगसीला झुकतं माप द्यायचा लेखी नियम असायचा. २०२० नंतर त्यातल्या बऱ्याच संघटनांनी तो काढून टाकला. माजी मेंबरांच्या शिफारसपत्रांचंही तेच, पूर्वी त्यांच्याशिवाय चालायचं नाही, आता कित्येक ठिकाणी ती लागत नाहीत. ओळखीपाळखी साउथमध्ये अजून चालतात हे खोटं नाही. पण आई सोरॉरिटीत नव्हती म्हणून दार बंद, असं नाही.

इथपर्यंत सगळं त्या २६ जणींचं. पण सोरॉरिटी म्हणजे फक्त त्या २६ नव्हेत, आणि बाकीच्यांचं आत जाणं पूर्ण वेगळं असतं.

माझ्या डॉर्ममधली एक कृष्णवर्णीय मैत्रीण, आमचा रोजचा एकत्र अभ्यास. सेकंड इयरला ती दोनेक महिने संध्याकाळी गायब असायची, विचारलं तर हसायची आणि विषय बदलायची. मग एका रात्री कॅम्पसच्या मधल्या चौकात गर्दी जमली आणि चेहरे झाकलेल्या सात जणी एका ओळीत, एका लयीत चालत आल्या, आपल्या संघटनेचा सगळा इतिहास खणखणीत आवाजात पाठ म्हटला, स्टेप, म्हणजे पाय आपटत आणि टाळ्या वाजवत करायचा नाच, केला आणि एकेकीचा चेहरा उघडला. तिसरी ती होती. तिची आजी तीनशे मैलांवरून आली होती, माझ्या शेजारी उभी राहून रडत होती. त्याला प्रोबेट म्हणतात. या म्हणजे नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिलच्या, कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी काढलेल्या सोरॉरिटी, १९३० मध्ये हॉवर्ड युनिव्हर्सिटीत ही कौन्सिल स्थापन झाली, एकूण नऊ संघटना म्हणून डिव्हाइन नाइन, त्यात मुलींच्या चार. अल्फा कॅप्पा अल्फा १९०८ ची, डेल्टा सिग्मा थीटा १९१३ ची, झीटा फाय बीटा १९२० ची, तिन्ही हॉवर्डच्या, आणि सिग्मा गॅमा रो १९२२ मध्ये इंडियानापोलिसमध्ये निघाली. कमला हॅरिस अल्फा कॅप्पा अल्फाच्या, हॉवर्डमध्येच झालेल्या. आणि डेल्टाच्या संस्थापक मुलींनी पहिलं सार्वजनिक काम काय केलं माहितीये, मार्च १९१३ मध्ये वॉशिंग्टनला बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी जो मोर्चा निघाला त्यात त्या चालल्या, कृष्णवर्णीय बायकांनी मागे चालावं असं काही आयोजकांचं म्हणणं असताना.

तिथे रश नसते. इनटेक असतं, आणि तेही चॅप्टरला वरून परवानगी मिळेल तेव्हाच, एखाद्या वर्षी होतच नाही. आधी इंटरेस्ट मीटिंग, मग अर्ज, ग्रेड, समाजकार्य केल्याचा पुरावा, शिफारसपत्रं, मुलाखत. पहिल्या सेमिस्टरला सहसा घेत नाहीत कारण कॉलेजचे क्रेडिट आणि जीपीए दाखवावा लागतो. आणि मला डेल्टा व्हायचंय किंवा एकेए (अल्फा कॅप्पा अल्फा) व्हायचंय असं गावभर सांगत फिरणं तिथे चांगलं मानत नाहीत, गाजावाजा न करता त्यांच्या कार्यक्रमांना जायचं, काम करायचं, इतिहास वाचायचा. म्हणून माझी मैत्रीण हसून विषय बदलायची. आणखी एक गोष्ट मला फार भावते, पदवी झाल्यावरही ग्रॅज्युएट चॅप्टरमधून आत जाता येतं, आणि तिथे पन्नाशीतल्या बायका दर आठवड्याला काम करताना दिसतात. कॉलेज संपलं की सोरॉरिटी संपली असं तिथे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

माझी रूममेट तिसऱ्याच रस्त्याने गेली. साउथ एशियन सोरॉरिटी हा प्रकार बऱ्याच मराठी आईबाबांना माहीतच नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. १९९८ मध्ये टेक्ससमध्येच दोन निघाल्या, ऑस्टिनला कॅप्पा फाय गॅमा आणि ह्यूस्टनला डेल्टा फाय ओमेगा, नंतर आणखी. दार सगळ्यांना उघडं असतं, देशी असायलाच पाहिजे असं नाही. सेमिस्टरच्या सुरुवातीला एक-दोन आठवडे त्यांचे इन्फो सेशन आणि छोटे कार्यक्रम, मग निमंत्रण असेल तर मुलाखत, मग काही आठवडे शिकणं, मग क्रॉस होणं, म्हणजे रीतसर मेंबर होणं. एका वेळी पाच, सहा, आठ मुली. घर बहुतेक नसतंच, त्यामुळे खर्चही कमी. माझ्या रूममेटचं माझ्या रशच्या आठवड्याचा तमाशा बघून हे नको असं आधीच ठरलं होतं, आणि तिला तिथे अशा मुली मिळाल्या ज्यांना घरी रात्री नऊला फोन का करावा लागतो हे समजावून सांगायची गरज नव्हती. याच धर्तीवर लॅटिना सोरॉरिटी आहेत, पहिली लॅम्डा थीटा अल्फा, न्यू जर्सीच्या कीनमध्ये १९७५ ला, आणि सगळ्या समाजांच्या मिळून मल्टिकल्चरल, त्यातली पहिली म्यू सिग्मा अप्सिलॉन रटगर्सला १९८१ मध्ये. मामेबहीण, या दोन तर तुझ्या घराजवळच जन्मल्या.

इंजिनिअरिंगच्या मुलींसाठी वेगळ्या आहेत, अल्फा ओमेगा एप्सिलॉन, फाय सिग्मा रो, दोन्ही ऐंशीच्या दशकातल्या, त्यांची रिक्रूटमेंट त्यांची त्या करतात आणि सहसा साधी असते, चार संध्याकाळी भेटायचं आणि ठरवायचं. आमच्या वर्गात पन्नासात सात मुली होत्या असं एक मैत्रीण सांगायची, या बहिणींमुळेच आपण थर्मोडायनॅमिक्स पास झालो असं तिला वाटतं.

अजून थोडे रस्ते आहेत, पटकन सांगते. कधी एखादी सोरॉरिटी एखाद्या कॅम्पसवर नवा चॅप्टर उघडते, तेव्हा मुख्यालयातून माणसं येतात, मुलाखती घेतात आणि एकदम मोठा गट घेतात, आणि तुम्ही संस्थापक मेंबर होता, पहिल्या वर्षी काम प्रचंड पण नियम तुम्हीच बनवता. कम्युनिटी कॉलेजातून ट्रान्सफर होऊन आलेल्या किंवा सेकंड इयरच्या मुलींनाही रश करता येते, काही कॅम्पसवर त्यांच्यासाठी वेगळ्या जागा ठेवतात. काही कॉलेजांत फॉर्मल जानेवारीत असते, म्हणजे मुलींना आधी एक सेमिस्टर श्वास घेता यावा, आणि मला विचाराल तर सगळीकडे तसंच असावं. आणि अॅलम्ना इनिशिएट असाही प्रकार आहे, कॉलेजात कधीच मेंबर नसलेल्या मोठ्या बायकांना काही सोरॉरिटी निमंत्रण देऊन घेतात. आमच्या चॅप्टरच्या सल्लागार बाई अशाच, पंचेचाळिसाव्या वर्षी झालेल्या, आणि आमच्या प्रत्येक परीक्षेच्या आठवड्यात सूप घेऊन यायच्या.

फक्त एक लक्षात ठेवायचं, त्या २६ पैकी एकीत इनिशिएशन झालं की दुसरीत जाता येत नाही, सोडली तरी नाही. म्हणून घाई करू नये.

पैशाचं आईबाबांशी आधी बोला. घर नसलेल्या छोट्या संघटनांत सेमिस्टरला काही शे डॉलर, मोठ्या घरांच्या ठिकाणी राहणं-खाणं धरून वर्षाला हजारोंत जातं, आणि पहिलं सेमिस्टर सगळ्यात महाग कारण पिनचे, नॅशनलचे एकदाचे पैसे त्यात येतात. सेकंड इयरला घरात राहणं सक्तीचं आहे का, मीटिंग चुकली तर दंड किती, हप्ते मिळतात का, हे प्रेफच्या आधी विचारा, बिनधास्त विचारा, उत्तर द्यायला का कू करणारं घर मी तरी यादीत खाली टाकीन. मी लायब्ररीत नोकरी करून ड्यूज (मेंबरशिपचे पैसे) भरले, आणि आमच्या खजिनदार मुलीने ते महिन्याच्या हप्त्यांत बसवून दिले.

आणि हेझिंग. रस्ता कुठलाही असो, आत घ्यायच्या नावाखाली कुणी झोपू दिलं नाही, प्यायला लावलं, मारलं, अपमान केला, फोन काढून घेतला, कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली, तर तिथून उठायचं. सगळ्या छत्रसंघटनांनी ते बंद केलंय आणि तरी काही ठिकाणी चोरून होतं हे खरंय. डिसेंबर २०२४ मध्ये यावर देशपातळीवर कायदा झाला, स्टॉप कॅम्पस हेझिंग अॅक्ट, त्यामुळे कॉलेजांना आता हेझिंगचे आकडे आणि कुठल्या संघटनेने नियम मोडले ते जाहीर करावं लागतं. मामी, रश सुरू व्हायच्या आधी युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर तो रिपोर्ट शोधा, मेकअपच्या यादीआधी तो वाचा.

काल रात्री मामेबहिणीशी परत बोलले, तासभर. तिने वहीत दोन पानं लिहून काढली होती, एका पानावर फॉर्मलमध्ये विचारायचे प्रश्न, दुसऱ्यावर तिच्या कॅम्पसवरच्या बाकीच्या संघटना, त्यात एक साउथ एशियन आणि एक इंजिनिअरिंगची, तिला मेकॅनिकल घ्यायचंय. म्हणाली, ताई, मी रश करणार आहे, पण 'टॉप' कुठली ते फ्लोअरवर कुणाला विचारणार नाही. इकडे मीही बिड डेची सुट्टी टाकलीये. त्या आठवड्यात रोज सकाळी सहाला, वेळापत्रक हातात यायच्या आधी, तिला फोन करणार आहे.